झोपलेल्या ड्रमरची रेकॉर्ड

सोफ्याचं पोट उसवून काका आतल्या स्प्रिंगा चाचपत होते, तेवढ्यात सून दुकानात आली आणि हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाली, "बाबा, रविवारची दुपार मोकळी ठेवा."

काकांच्या तोंडात बारीक खिळे होते. खुर्च्या-सोफे मढवणाऱ्यांची ती रीतच. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळ्यांना जागा उरते ती तोंडातच. त्या खिळ्यांना धंद्यात 'चुका' म्हणतात. काका गिऱ्हाइकांना सांगायचे, लोक चुका करून पस्तावतात, मी चुका ठोकून संसार केला. त्यांनी सगळ्या चुका तळहातावर काढल्या आणि विचारलं, "कोण येतंय?"

"कोणी येत नाही, आपण जायचंय. वाचनालयात 'राखाडी' वाजवणार आहेत. दोन्ही बाजू, सलग. मग ऐकणाऱ्यांनी आपापलं मत सांगायचं. दारावर कागद लागलाय."

काकांनी चुका पुन्हा तोंडात टाकल्या. म्हणजे बोलायचा प्रश्नच मिटला.

ऐंशीला टेकलेले हे खुर्चीवाले काका तरुणपणी, साठच्या दशकात, एका रॉक बँडमध्ये ड्रम वाजवायचे, हे गल्लीत फारसं कोणाला ठाऊक नव्हतं. बँड चौघांचा. एक गाणारा, एक गिटारवाला, जाड तारांची बेस गिटार वाजवणारा काकांचा सख्खा थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि ड्रमवर हे. तेव्हा त्यांना 'गडगड्या' म्हणायचे. ते वाजवायला बसले की पुढच्या रांगेतल्या पोरी कानात बोटं घालून नाचायच्या. त्यांच्या आधीच्या रेकॉर्डी हातोहात खपल्या. शेवटची आली ती करड्या कव्हराची. कव्हरवर बँडचं चित्र नाही, नाव सापडायला चष्मा लागावा, नुसता एक ओला रस्ता. लोकांनीच तिचं नाव 'राखाडी' पाडलं. ती बाजारात अशी आपटली की तिचा आवाजसुद्धा कोणी ऐकला नाही. गाणी संथ, गडगडाट गायब. एका बड्या वर्तमानपत्रात कोणीतरी लिहिलं, 'ड्रमर झोपला आहे.'

एवढंच वाक्य. पण काही वाक्यं पायात मोडलेल्या काट्यासारखी असतात. वरून काही दिसत नाही आणि माणूस जन्मभर जरा लंगडत चालतो.

खरी गोष्ट वेगळी होती. त्या वेळी गाणारा नुकताच हॉस्पिटलमधून बाहेर आला होता. छातीचं दुखणं होतं, दम पुरत नव्हता. ओळ सुरू करायचा आणि मध्येच शब्द घशात अडायचा. तो पुन्हा कधी गाईल याची डॉक्टरांना खात्री नव्हती, आणि त्याला तर शेवटची एक रेकॉर्ड करायचीच होती. त्याने तिघांकडून वचन घेतलं, "हे बाहेर कोणाला कळता कामा नये. लोकांनी कीव करत ऐकलेलं मला चालणार नाही." एरवी ड्रमरने पुढे चालायचं असतं आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे. या रेकॉर्डवर काका मागे चालले. गाणाऱ्याची छाती वर आलेली दिसल्याशिवाय त्यांनी काठी खाली आणली नाही.

पुढच्याच वर्षी गाणारा गेला. बँड तर त्याआधीच विस्कटला होता, गिटारवाल्याचा पत्ताही राहिला नव्हता. काकांनी काठ्या ठेवल्या आणि हातोडी धरली. दादाने दूरच्या एका डोंगराळ गावात रोपवाटिका टाकली. भाऊ भाऊ लग्नाकार्यात भेटायचे, मयताला भेटायचे, फोनवर गुडघे आणि रक्तदाब यांची खुशाली विचारायचे. राखाडीचा विषय मात्र कधीच निघाला नाही. पेपरात ते वाक्य छापून आलं त्या दिवशीही दादा एक अक्षर बोलला नव्हता. काकांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की दादालाही तेच वाटतंय. आणि एकच गोष्ट इतकी वर्षं मनात घोळली की ती खरी वाटायला लागते. हळूहळू काकांनाही वाटू लागलं, असेल बाबा, झोपलोच असेन.

सुनेला हे सगळं माहीत नव्हतं. तिला एवढंच ठाऊक होतं की सासऱ्याच्या कपाटात ती रेकॉर्ड नाही आणि कोणी नाव काढलं की ते पाणी प्यायला उठतात. मुलगा ऑफिसात रमला होता, दुकान तिने हाती घेतलं होतं, आणि सासऱ्याचं मन कुठल्या शिवणीवर उसवतं हे तिला मुलापेक्षा जास्त कळायचं.

"येतो," रविवारी सकाळी काका अचानक म्हणाले. "पण मी कोण हे तिथे बोलायचं नाही."

"नाही बोलणार."

"नक्की?"

"बाबा, तुमचा मुलगा झोपेत कसा घोरतो, हे मी आजवर कोणाला सांगितलंय का?"

"आत्ताच सांगितलंस."

काकांना वाटलं होतं, पाचसात टाळकी असतील, त्यातली दोन डुलक्या घ्यायला आलेली. वाचनालयाच्या मागच्या दालनात पाऊल टाकलं आणि ते दारातच थबकले. दालन भरलं होतं. जास्तीच्या खुर्च्या ओढून आणल्या होत्या, खिडकीच्या कट्ट्यावर माणसं बसली होती. आणि कितीतरी जणांच्या मांडीवर ती होती. राखाडी. कोपरे झिजलेली, चिकटपट्टीने सांधलेली, कोणाची चहाचे डाग पडलेली. एका बाईंनी तर ती उशीच्या अभ्र्यात घालून आणली होती, अंगावरचं मूल आणावं तशी. जी वस्तू लोकांनी उकिरड्यावर टाकली असं समजून आपण आयुष्य काढलं, ती इतक्या घरांत इतकी वर्षं कोणीतरी पुसून ठेवत होतं. काका मागच्या रांगेत जाऊन सुनेच्या आडोशाला बसले.

ग्रंथपाल बाईंनी सुई टेकवली.

दालन असं गप्प झालं की आधीची खरखरही ऐकू यावी. काकांनी गाण्यांकडे कानाडोळा केला. त्यांनी माणसं पाहिली. कोणी डोळे मिटले होते, कोणाचे ओठ हलत होते, पण आवाज कोणाचाच नव्हता. पुढे लाकडी खोक्याचा उंच स्पीकर होता आणि त्याला अगदी खेटून एक मध्यमवयीन बाई बसल्या होत्या. त्यांनी तळहात त्या खोक्यावर पसरून ठेवला होता. आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं गाणं आलं, तेव्हा काकांनी मान खाली घातली. गाणाऱ्याच्या श्वासाचा आवाज त्यांना ओळखीचा होता. तो ऐकायची त्यांची हिंमत नव्हती.

सुई उचलली गेली. पहिल्यांदा उठले ते भूगोलाचे निवृत्त सर. हातात कव्हर, बोलणं खणखणीत.

"या बँडला मी डोक्यावर घेऊन नाचलेला माणूस आहे. म्हणूनच बोलतो. ही रेकॉर्ड म्हणजे आजाऱ्याने अंथरुणातून उठून काढलेला फोटो. माणूस तोच, पण रया गेली. ड्रमर तर झोपलाय, हे तेव्हाच छापून आलं होतं आणि ते खोटं नव्हतं."

सुनेने झटकन सासऱ्याकडे पाहिलं. काका शांतपणे समोर बघत होते.

मग एक बसचालक उठला. "माझ्या घरच्या रेकॉर्डवर पहिल्या बाजूचं तिसरं गाणं मध्येच अडकतं. लहानपणापासून अडकतंय, वडिलांची होती ती. पुढे काय होतं ते आज कळलं." तो जरा थांबला. "अडकलेलंच बरं होतं."

दालन हसलं. सर सगळ्यांत मोठ्याने हसले.

कॉलेजातली एक मुलगी म्हणाली की तिने हा बँड आजच पहिल्यांदा ऐकला, मैत्रिणीने ओढून आणलं म्हणून. "जुनाट असेल असं वाटलं होतं. पण हे लोक कशाचीच घाई करत नाहीत. मध्ये मोकळी जागा सोडतात. मला आधी भीती वाटली त्या जागेची, मग तिथे बसावंसं वाटलं."

मग त्या अभ्र्यातल्या रेकॉर्डवाल्या बाई उठल्या. थकलेल्या, पाठीत वाकलेल्या.

"मी नर्स होते, बाळंतिणींच्या वॉर्डात. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण एखादी पहिलटकरीण घाबरून गेली, श्वास कोंडून धरायला लागली, की मी तिचा हात धरून हे शेवटचं गाणं गुणगुणायची. शब्द नाही, नुसतं हूं हूं. या गाण्यात श्वास कधी घ्यायचा ते आपोआप समजतं, का ते मला सांगता येणार नाही. बाई शांत व्हायची, आणि माझ्याबरोबर श्वास घ्यायला लागायची. किती मुलं या गाण्यावर जगात आली, त्यांना माहीत नाही, त्यांच्या आयांनाही माहीत नाही. मलाच काय ते माहीत." एवढं बोलून त्या खाली बसल्या आणि रेकॉर्ड पुन्हा अभ्र्यात घालू लागल्या.

काका त्या अभ्र्याकडे बघत राहिले. एका दम तुटलेल्या माणसाचा श्वास त्यांनी काठीच्या टोकावर तोलून धरला होता, आणि तो कुठल्या कुठे, कोणत्या खोल्यांमध्ये जाऊन पोचला होता! त्यांना वाटलं, आपण बसलो आहोत ते दालन एकदम उंच झालं.

"मागे बसलेले काका," ग्रंथपाल बाईंचा आवाज आला, "तुमचं मत?"

काका गडबडले. आणि गडबडलेला माणूस जे सवयीने तोंडात बसलेलं असतं तेच बोलतो. "सरांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "ड्रमर झोपलाय."

"चूक!"

आवाज इतका मोठा होता की दोघंतिघं दचकली. स्पीकरला खेटून बसलेल्या बाई पूर्ण मागे वळून काकांच्या ओठांकडे बघत होत्या.

"या आपल्या पोहायला शिकवणाऱ्या बाई," ग्रंथपाल बाईंनी ओळख करून दिली. "तरुणपणी एका आजारात त्यांचे कान गेले. ओठ वाचतात. आणि रेकॉर्ड हाताने ऐकतात."

"काका, तुम्ही नीट ऐकलं नाहीत," त्या बहिऱ्या बाई म्हणाल्या, आणि कोणाला हसावं की नाही ते कळेना. मग त्या स्वतःच हसल्या. "दुसऱ्या रेकॉर्डींचा हाताला नुसता गाळ लागतो, सगळं एकात एक. ही एकच अशी आहे की ठोका न् ठोका सुटा कळतो. झोपलेल्याचा हात कसाही पडतो हो. हा कसाही पडत नाही. हा थांबतो, बघतो, मग पडतो. लहान मूल पहिल्यांदा पाण्यात उडी मारायला काठावर उभं राहतं ना, तेव्हा मी पाण्यात हात पसरून उभी असते. पुढे सरकत नाही, ओरडत नाही. त्याचा जीव तयार होईपर्यंत मी हलत नाही. हा माणूस तसा उभा आहे. समोर कोण आहे ते मला ठाऊक नाही. पण आहे कोणीतरी."

तीन माणसांनी कोणाला न सांगितलेली गोष्ट ही बाई लाकडातून उचलून सगळ्यांसमोर ठेवत होती.

"या इकडे," त्यांनी बोलावलं. "हात ठेवून बघा."

ग्रंथपाल बाईंनी सुई परत शेवटच्या गाण्यावर नेली. काका उठले. सुनेने त्यांना हात दिला नाही. एवढं अंतर त्यांचं त्यांनीच चालायला हवं, हे तिला उमगलं असावं. त्यांनी जाड, खिळ्यांनी भोकं पडलेला तळहात खोक्यावर टेकवला.

आधी काहीच नाही. मग तो आला. आपलाच ठोका, आतून, दारावर कोणी हलकेच थाप मारावी तसा. थांबून. बघून. काकांनी डोळे मिटले आणि त्यांना रेकॉर्डिंगची ती बंद खोली दिसली, काचेपलीकडची माणसं, आणि समोर तो गाणारा, एक हात भिंतीला टेकलेला, छाती वर येतेय, येतेय, आली. आणि ठोका.

पण हाताला आणखी काहीतरी लागत होतं.

प्रत्येक ठोक्यामागे, अगदी त्याला चिकटून, एक लांब घरघर उठत होती. जाड तारेची. दादा. काका नीट लक्ष देऊ लागले. दादाचा ठेका असा पक्का की घड्याळाने त्याच्याकडून वेळ लावून घ्यावी. त्याला थांबायचं काही कारण नव्हतं. तो सरळ चालत राहिला असता तर चुकला म्हणून कोणी बोट दाखवलं नसतं. पण तो थांबत होता. काका थांबले की थांबत होता. एका ठिकाणी काकांचा ठोका घाईने जरा आधी पडला होता, तिथे दादाची तारही आधी वाजली होती. आणि शेवटच्या कडव्यात, जिथे गाणाऱ्याचा दम पार तुटला होता आणि काकांची काठी हवेतच अधांतरी राहिली होती, तिथे दादाही नव्हता. हाताखालचं लाकूड निःशब्द होतं. मग श्वास, मग ठोका, आणि त्याच्या पाठोपाठ लगेच दादा.

रेकॉर्डिंगच्या वेळी काकांचे डोळे गाणाऱ्यावर होते, कानांवर हेडफोन, त्यात फक्त त्याचा आवाज. दादा पाठीमागे उभा होता. रेकॉर्ड बाहेर आल्यावर ती त्यांनी एकदाच ऐकली, तीही छोट्या रेडिओवर, ज्यात बेस म्हणून काही येतच नसे. आपल्यामागे असं कोणी चाललं होतं, हे त्यांना आज, या वयात, हाताला कळलं.

त्यांच्या नकळत दुसऱ्या हाताची बोटं पँटीवर पडत होती. ठोक्याबरोबर नाही, ठोक्याच्या किंचित आधी उचलली जात होती आणि बरोबर त्याच क्षणी टेकत होती. लांबलेला ठोकाही, घाईचा ठोकाही. पोहण्याच्या बाईंनी त्या बोटांकडे पाहिलं. मग काकांच्या तोंडाकडे. आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे त्यांनी अगदी कानात कुजबुजून विचारलं,

"हे तुम्हीच का?"

बिचारीला स्वतःची कुजबुज केवढी आहे ते कुठून कळणार! शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांनी ऐकलं.

काकांनी मान डोलावली.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नर्सबाई आधी उभ्या राहिल्या, खुर्चीच्या पाठीला धरून. मग बसचालक, मग एकेक करत सगळे. सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. गाणं संपेपर्यंत दालन तसंच उभं होतं.

"माझं मत मी मागे घेत नाही," शेवटी सर म्हणाले. "पहिली बाजू रटाळच आहे."

"आहेच," काका म्हणाले.

"झोपला होता, तेवढं मात्र मागे घेतो."

सगळे हसले आणि कोंडलेली हवा सुटली. माणसं भोवती जमली. कोणी कव्हरवर सही मागितली, कोणी नुसता हात हातात घेतला. कॉलेजातली मुलगी आ वासून बघत होती. नर्सबाईंनी जवळ येऊन हळूच विचारलं, "कोणासाठी थांबत होतात?"

"होता एक माणूस," काका म्हणाले. ज्याला वचन दिलं तो माणूस गेला म्हणून वचन जात नाही.

नर्सबाईंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "दम लागायचा ना त्याला," त्या म्हणाल्या. विचारलं नाही, नुसतं म्हणाल्या. आणि काकांच्या मनगटावर दोन बोटं टेकवून पुढे गेल्या.

घरी पोचताच काकांनी बूटही न काढता फोन उचलला. सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली.

"दादा, आज राखाडी ऐकली."

पलीकडे झारीतून पाणी पडण्याचा आवाज होता. तो थांबला. "कशाला?"

"शेवटच्या गाण्यात तू माझ्या मागे होतास."

"मग कुठे असणार?"

काका म्हणाले, "पेपरात आलं तेव्हा एक शब्द बोलला नाहीस तू."

"काय बोलणार होतो? झोपला नव्हता म्हटलं असतं, तर मग काय करत होता ते सांगावं लागलं असतं. वचन तूही दिलं होतंस, मीही." दादाचा आवाज म्हातारा झाला होता, पण सूर तोच, धाकट्याला समजावण्याचा. "आणि मला वाटायचं, मी मागे आहे हे तुला माहीत आहे."

"कसं माहीत असणार? तू पाठीमागे उभा होतास!"

"तेही खरंच." दादा जरा हसला. "मला तुझी मान दिसायची. त्याची छाती तुला दिसायची, मला कुठून दिसणार, मध्ये तू. तू त्याच्याकडे बघायचास. तुझी मान ढिली पडली की मी समजायचो, त्याला श्वास मिळाला. मग तार सोडायचो. गाणं मी ऐकलंच नाही रे. तुझी मानच बघत होतो."

एका खोलीत एका माणसाचा श्वास, त्याच्याकडे बघणारा एक, त्या बघणाऱ्याकडे बघणारा आणखी एक. आणि बाहेरच्या जगाला वाटलं, बँड सुस्त पडलाय. काकांना स्वतःच्या भाग्याची भीती वाटली, एवढं पेलायचं कसं.

"ये ना इकडे," ते म्हणाले. "परत वाजवणार आहेत. लोक मागे लागलेत."

"माझे गुडघे..."

"दादा."

"बरं. येतो."

आणि आला. सुनेने त्याला स्टेशनवरून आणलं. हातात टेकायची काठी, खिशात कसल्याशा बिया. दालनात या खेपेला उभं राहायलाही जागा नव्हती. दादाला पोहण्याच्या बाईंच्या शेजारची खुर्ची दिली. पहिली बाजू संपली तेव्हा ग्रंथपाल बाईंनी त्याला मत विचारलं. तो उठला आणि म्हणाला, "दुसरं गाणं काढून टाकायला हवं होतं. तेव्हाही मी हेच सांगत होतो." भूगोलाच्या सरांना इतका आनंद झाला की त्यांनी आपली खुर्ची उचलून त्याच्याजवळ आणली.

मग दुसरी बाजू लागली. शेवटच्या गाण्याला दादाने डोळे मिटले. काकांनी मिटले नाहीत, मानही खाली घातली नाही. ते कानांनी ऐकत होते, सगळं. गाणाऱ्याचा तुटणारा दम, आपला ठोका, दादाची तार, आणि मध्ये ती मोकळी जागा, जिथे तिघंही एकाच श्वासाची वाट पाहत उभे होते.

गाणं संपलं. सुई कडेला जाऊन खरखरत राहिली. मत द्यायला कोणी उठलं नाही, आणि ग्रंथपाल बाईंनीही कोणाला विचारलं नाही.